पुठ्ठ्यावरची चीर

"तसंच धर, खाली सोडू नको," महांतप्पानं ओरडून सांगितलं आणि तो लोडरच्या कडेला उकिडवा बसला.

केबिनमध्ये बसलेल्या विरेशनं, त्याच्या धाकट्या भावानं, मान हलवली. ओल्या शेणानं भरलेली बकेट माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. मुरुम गावाच्या बाहेर या दोघा भावांचा म्हशींचा गोठा होता. तिथलं सगळं शेण जागच्या जागी गर्रकन वळणारा हा छोटा लोडर काढायचा. रंग उडालेला, पत्रा चेपलेला, पण कामाला कधी नाही म्हणालेला नव्हता. हल्ली मात्र बकेट उचलणारं त्याचं तेल कमी व्हायला लागलं होतं. फरशीवर डाग पडत होते आणि गळतंय कुठून, तेवढं सापडत नव्हतं.

महांतप्पाला गळती शोधायची एकच रीत ठाऊक होती. विहिरीवरच्या पाइपावरून हात फिरवावा, तसा तो इथंही फिरवायचा. बकेटच्या लोखंडी हातांकडं जाणारे काळे रबरी पाइप जागोजाग उकलले होते. एक-दोन ठिकाणी त्यानं जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून वेळ मारून नेली होती. आता त्यानं बाही वर सारली आणि तळवा पसरून हात पुढं केला.

"अवो, थांबा की जरा. समदे कपडे तेलकट करून घ्यालाव."

त्याची बायको शिवलीला पुठ्ठा घेऊन आली होती. दूध काढायच्या यंत्राच्या खोक्याचा जाडजूड पुठ्ठा. तो नवऱ्याखाली अंथरायला ती वाकली, तशी पुठ्ठ्याची कड पाइप आणि त्याचा हात यांच्यामधून गेली.

चर्र झालं.

पत्र्याला अडकला असेल, असं वाटून तिनं पुठ्ठा ओढून घेतला. त्याला चीर पडली होती. सुरीनं कापावी तशी सरळ, बारीक. कडा तेलानं ओल्या. तिनं पत्र्याकडं बघितलं. कापण्यासारखं तिथं काही नव्हतं. तिनं पुठ्ठ्याचं टोक धरून तो लांबूनच पुन्हा त्याच जागी नेला. पुन्हा चर्र. पहिलीच्या शेजारी दुसरी चीर.

महांतप्पाचा हात वीतभर अंतरावर तसाच थांबला होता.

"हात मागं घ्या!" शिवलीला किंचाळली. "भावजी, बंद करा! आदी बंद करा ते!"

विरेशनं बकेट जमिनीवर टेकवली आणि इंजिन बंद केलं. गोठ्यात एकदम शांतता झाली. दावणीच्या म्हशी तेवढ्या रवंथ करत होत्या.

शिवलीलानं नवऱ्याचा हात ओढून घेतला. तळवा उघडून बघितला, उलटा करून बघितला, एकेक बोट चाचपलं. हात धड होता. तरी तिनं तो सोडला नाही.

"तुला काय दिसलं का तितं?" महांतप्पानं हळूच विचारलं.

"काईच न्हाय."

"मला बी न्हाय."

विरेश खाली उतरला. त्यानं पुठ्ठा उचलून उजेडाकडं धरला. दोन्ही चिरांतून पलीकडचं ऊन दिसत होतं.

"तेल हाय अण्णा हे," तो म्हणाला. "सुईएवढ्या भोकातनं जोरात सुटलेलं नुसतं तेल."

महांतप्पा म्हणाला, "समदे पाइप काढ."

"समदे? गळतोय तर ह्यो एकच की."

"समदे काढ म्हनलं ना."

विरेशनं आधी इंजिन बंद ठेवूनच केबिनमधले दांडे पुढंमागं करून पाइपातल्या तेलाचा जोर उतरवला. मग दोघांनी एकेक पाइप सोडवला. नट सैल झाला की आत राहिलेलं तेल संथपणे ओघळायचं, घाण्यावरच्या तेलासारखं गरीब. महांतप्पा प्रत्येक वेळी हात आखडून घ्यायचा आणि मग पुन्हा पुढं करायचा.

गळका पाइप विरेशनं करवतीनं मधोमध कापला. रबराच्या आत पोलादाच्या केसासारख्या तारांची वीण होती. एकीवर एक, तिरकी, कुठं उणी ना अधिक. शिवलीला खाली वाकून बघत राहिली.

"आतून असं गुंफलेलं असतंय व्हय?" ती म्हणाली. "वेणी बी इतकी नीट पडत न्हाय कुनाची."

भोकाजवळ मात्र वीण उसवली होती. तारा गंजून तुटल्या होत्या. धड राहिलेल्या चार-दोन महांतप्पानं पक्कडीनं उचलून दाखवल्या.

"एवढ्यावरच तगून व्हतं बघ समदं."

विरेश जुने पाइप मापाला घेऊन उमरग्याला गेला आणि दुपारी नवे बनवून आणले. काळेभोर, ताठ, रबराच्या वासाचे. ते बसवून होईपर्यंत ऊन उतरलं. टाकीत तेल भरलं, नट पुन्हा एकदा आवळले आणि विरेश केबिनमध्ये चढला.

"लांब हो," महांतप्पानं बायकोला सांगितलं. तोही मागं सरकला.

इंजिन सुरू झालं. विरेशनं दांडा ओढला, तसे नवे पाइप किंचित थरथरले, फुगल्यासारखे झाले, स्थिर झाले. शेणानं भरलेली बकेट जमीन सोडून वर निघाली. कुठंही न अडखळता, हिसका न देता, पूर्ण उंचीपर्यंत गेली आणि थांबली. खाली फरशीवर एक थेंब पडला नाही.

शिवलीला पदर तोंडाशी धरून बघत होती. "आता बी आत तेवढाच जोर आसंल?"

"तेवढाच."

महांतप्पा बराच वेळ वर बघत उभा राहिला. मग तो चालायला लागला.

"अण्णा, कुठं निघालाव?" विरेशनं केबिनमधून विचारलं.

"खोरं आणतो."

खोरं समोरच होतं, उचललेल्या बकेटच्या पलीकडं, भिंतीला टेकवलेलं. रोज तो त्या लोखंडी हातांखालून वाकून, विडी ओढत, सरळ पलीकडं जायचा. आज तो दावणीकडं वळला आणि सगळ्या म्हशींच्या मागून, भिंतीच्या कडेकडेनं, लांबचा वळसा घालून गेला.