पाठकोरे कागद

शिवराजने चौथ्यांदा प्रिंट दिली. शेजारचा प्रिंटर ढिम्म हलेना.

आबिड्स भागातल्या त्या ऑफिसात लोकांचे अडलेले प्रिंटर सुरू करून देणं हेच त्याचं काम, आणि आज त्याचंच पत्र निघेना. पत्र उदगीरच्या एकनाथरावमामांना होतं. मामांना ऐकू कमी येतं, फोनवर असलं ओरडून कसं सांगणार? मायच्या पोटातली गाठ साधी नाही. डॉक्टर चार महिने म्हणतात. भेटून जा, पण तिला कळू देऊ नका. बस, एवढंच.

रविवारी माय, म्हणजे चतुराबाई, देवळात गेली असताना त्याने ते दिलसुखनगरच्या घरी टाइप केलं होतं. छापायच्या आत ती परत आली, आणि प्रिंटर तर तिच्या खाटेला लागूनच. मराठी अक्षरं फक्त घरच्या कॉम्प्युटरवर. म्हणून आज तो ऑफिसात बसून नेटवरून घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला होता. पत्र तिथलं उघडायचं, कागद इथे काढायचा. यात काय विशेष?

वायर पाहिली, कागद पाहिले. ‘इथला प्रिंटर वापरा’ या ओळीपुढची खूणही जागेवर होती. बाहेर पडून पुन्हा जोडून पाहिलं. मग कुठे त्याने घरच्या कॉम्प्युटरवरची प्रिंटरांची यादी उघडली. तिच्यात ऑफिसच्या प्रिंटरचं नावच नव्हतं. त्याला चालवणारं सॉफ्टवेअर घरी टाकायचंच राहिलं होतं. तेवढं नसलं की कागद मुकाट्याने तिकडच्याच प्रिंटरवर निघतो. हे तो लोकांना दिवसातून दहादा सांगायचा.

चारही वेळा पत्र घरी छापलं गेलं होतं.

त्याने घरी फोन लावला. माय म्हणाली, तुझं मशीन आपोआपच सुरू झालं बघ, चार कागद आले. तो घाईने म्हणाला, ते ऑफिसचे आहेत, बघू नकोस.

"हौ. तुझ्या ऑफिसचं मला काय कळतंय? पाठकोरे आहेत, ठेवलेत मी."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो बसमध्ये चढला. शिवराजचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं, त्याला जड मराठी येत नाही. पत्र इतकं सोपं झालं होतं की चौथी शिकलेलं माणूसही एका दमात वाचेल. माय चौथीच शिकली होती. नसेल वाचलं, असं तो चादरघाटपासून घरापर्यंत मनाशी घोकत राहिला.

त्रिवेणी, त्याची बायको, अजून नारायणगुड्याच्या शाळेतून आली नव्हती. माय खाटेवर चष्मा लावून बसली होती. मांडीवर पाट, पाटावर ते कागद पालथे, आणि कोऱ्या बाजूवर ती पेन्सिलीने काहीतरी लिहीत होती. शिवराजचा जीव भांड्यात पडला. या घरात पाठकोरा कागद कधी वाया जात नाही. धोब्याचे कपडे, वाण्याची यादी, सगळं त्यावरच. रद्दी समजली बिचारी, असं वाटून त्याला हसूच आलं.

त्याने वरचा कागद उचलला. काळा मसाला, वर्षाचा. धने दोन किलो, खोबरं पाऊण, दगडफूल एक मूठ. दुसऱ्यावर कैरीचं लोणचं. तिसऱ्यावर डिंकाचे लाडू. चौथा काठोकाठ भरला होता.

सात वर्षं त्रिवेणी ही मापं मागत होती. सात वर्षं मायचं एकच उत्तर होतं, मी आहे ना करायला, माप कशाला हवं? शिवराजला पुढचं वाचवेना.

मायने पेन्सिलीचं टोक निरखलं. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही.

"चारांत मावंना रे," ती म्हणाली. "अजून दोन काढ तुझ्या मशीनमधून. या खेपेला दोन्हीकडून कोरे काढ."