एकशे बेचाळीस अंश

डंपरची ताडपत्री अजून दोरीने बांधलेलीच होती आणि इंजिनिअरसाहेबांनी रजिस्टरात मालाचं तापमान लिहूनही टाकलं : एकशे बेचाळीस अंश.

रोलरवर बसलेल्या काकांनी ते वरून पाहिलं. डंपर आदल्या रात्रीपासून वाटेत अडकून पडला होता, हे रस्त्याच्या कामावरच्या सगळ्यांना माहीत होतं. मागची फळी उघडली, डांबर-खडीचा ढीग खाली आला आणि काकांचं टाळकं सटकलं. वाफ नाही की धूर नाही, नुसते ढेकळांसारखे गोळे. गरम डांबर खडीला घट्ट धरून ठेवतं. निवलेलं नुसतं तिच्या शेजारी बसतं. तीस वर्षं रोलर फिरवणाऱ्या माणसाला हे कळायला थर्मामीटर कशाला हवा?

त्यांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

"काका, काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"माल थंड आहे. परत पाठवा."

"एकशे बेचाळीस आहे. हे बघा, लिहिलंय."

"थर्मामीटर कुठाय?"

"गाडीत." साहेब हसले. "अहो, तुमचं काय जातंय? तुम्ही फक्त फिरवा. वरून गुळगुळीत दिसलं की झालं. नसेल फिरवायचं, तर उद्यापासून दुसरा ड्रायव्हर येईल."

तुमचं काय जातंय! काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या वर्षी याच वळणावर असाच गुळगुळीत केलेला थर उखडला आणि त्यांची लेक स्कूटरसकट आपटली. दवाखान्यात नर्स म्हणून जाणारी पोर, तिथेच दोन महिने खाटेवर पडून होती. हातात अजून सळई आहे. आणि त्या थरावरून रोलर फिरवला होता तोही काकांनीच, मान खाली घालून.

ते खाली उतरले. ढिगापाशी गेले, बाही वर सरकवली आणि उजवा हात मनगटापर्यंत मालात खुपसला.

फावडी घेऊन उभ्या असलेल्या बायका किंचाळल्या. "अहो काका, हात जाईल!" म्हणत एकजण पाण्याचा कॅन उचलून धावली. साहेब रजिस्टर धरून होते तिथेच उभे राहिले.

काकांनी हात तसाच ठेवला. मनातल्या मनात दहा आकडे मोजले, मग बाहेर काढला. काळा, चिकट, पण फोड एकही नाही. चहाच्या उकळत्या पाण्याने याहून जास्त भाजलं असतं.

पाणी आणणारी त्या हाताकडे बघतच राहिली. काकांनी तिला मानेनेच नको म्हटलं. ते साहेबांपुढे गेले आणि उघड्या रजिस्टरावर पंजा दाबला. पाचही बोटं उमटली. एकशे बेचाळीस तळव्याखाली गेलं.

"अहो, अहो! ऑफिसचं रजिस्टर आहे ते!" साहेब ओरडले.

"आत्ता ओरडलात," काका म्हणाले. "मघाशी तुमच्या एकशे बेचाळीस अंशांत माझा हात गेला, तेव्हा का नाही ओरडलात?"