नऊशे नव्व्याण्णव

आमची ही ढाकुरिया तलावाभोवती रोज सकाळी फेऱ्या मारत हजार वेळा रामनाम घ्यायची. बोटात जपाचं काउंटर, हजार भरल्याशिवाय चहा नाही! मग मी काय करायचो, तिला बोलण्यात गुंतवून ते बटण गुपचूप दहा-वीसदा दाबायचो. "अहो, देवालाही फसवता?" म्हणत ती पाठीत धपाटा घालायची. "देव काय मोजत बसलाय? चल, तिकडे चहा उकळलाय!" मार्चमध्ये ती तिथेच चालता चालता कोसळली, गेली. काउंटरवर आकडा होता नऊशे बहात्तर. तेराव्यानंतर ते बोटात घालून मी उरलेलं नाम पुरं करायला निघालो आणि नऊशे नव्व्याण्णववर थांबलो. आता रोज चालतो, नाम घेतो, बटण दाबत नाही. काल मुलगी म्हणाली, "बाबा, एकच तर राहिलंय, दाबून टाका." कसं दाबू? हजार भरले की ती म्हणायची, "झालं माझं, निघूया."