पेजेतलं मीठ

गंगारामच्या दंडातून ओढलेलं रक्त नळीत उतरलं ते चॉकलेटी होतं. नर्स योगिनीनं नळी दवाखान्याच्या खिडकीशी धरली, हवेत हलवून पाहिली. रंग बदलला नाही.

"बीपी किती म्हणालीस गो?" खाटेशी बसलेल्या त्याच्या बायकोनं, येसूबाईनं विचारलं.

"ऐंशी-पन्नास."

"उतरलं मग." म्हातारीनं सुस्कारा सोडला. "दोन वर्षं उतरत नव्हतं. लागू पडल्या म्हणायच्या गोळ्या."

नाकाला ऑक्सिजन लावूनही गंगारामचे ओठ निळसर होते, नखंही. योगिनीनं टीपकागदावर त्याच्या रक्ताचा थेंब टाकला. मग स्वतःच्या बोटाला सुई टोचून शेजारी आपला टाकला. दोन्ही थेंब सुकत आले. तिचा लाल होता, त्याचा तपकिरीच राहिला.

तांबड्या पेशी होत्या, पुरेशा होत्या, फक्त ऑक्सिजन वाहत नव्हत्या. काहीतरी त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, आणि त्यानंच नसा सैल करून बीपीही पाडलं होतं. पोटातूनच गेलं असणार. डॉक्टरांनी कागदाकडे एकदा पाहिलं आणि इंजेक्शन मागवायला ते फोनकडे गेले. जाताना म्हणाले, "काय खाल्लं ते विचार."

"सकाळी काय दिलंत यांना?"

"काय देणार? आज वाडीची पूजा. सगळ्यांचा उपास. गोळी रिकाम्या पोटी नको म्हणून यांना तेवढी पेज दिली."

"पेजेत काय घातलंत?"

"काय नाय. अळणी."

"आई," दारात उभा असलेला तिचा मुलगा रितेश म्हणाला, "खरं सांग त्यांना."

येसूबाईनं पदर सारखा केला. "मागितलं त्यांनी. सणासुदीचा दिवस, जरासं मीठ घातलं. पण वाढलं नाय ना बीपी? उतरलंच ना गो?"

"कुठलं मीठ?"

उत्तर रितेशनं दिलं. "परवा हातखंब्याच्या उताराला ट्रक कलंडला, मॅडम. गोणी रस्त्यावर पडल्या होत्या. पूजेच्या जेवणाला होईल म्हणून एक आणली. आज पहाटे फोडली."

"गोणीवर काय लिहिलं होतं?"

"सोडियम."

"पुढे?"

"पुढचं फाटलं होतं." तो किंचित हसला. "सोडियम म्हणजे मीठच ना? मी बारावी सायन्स आहे. जिभेवर लावून पण बघितलं. खारट होतं."

"सोडियम एकटं नसतं," योगिनी म्हणाली. "पुढे काय लिहिलंय त्यावर सगळं असतं. क्लोराइड असेल तर मीठ, नायट्राइट असेल तर हे असं विष." मग तिनं हळूच विचारलं, "जेवण कुठल्या मिठात केलंय?"

त्याचं हसू गेलं. "त्याच."

"कुणी चव बघितली?"

"नैवेद्याआधी चव बघत नाय आमच्यात."

"नैवेद्य कधी?"

"बाराला," म्हणत त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजून गेले होते. त्यानं फोन काढला. पहिल्यांदा नुसती रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदाही. येसूबाई आळीपाळीनं दोघांकडे बघत होती. तिसऱ्यांदा त्याच्या चुलतभावानं, अजिंक्यनं उचलला. रितेशनं स्पीकर लावला. पलीकडून भांड्यांचा आवाज आला, वाढप्यांची हाकाहाक आली.

"अजिंक्य, जेवण थांबव. मीठ..."

"काय? मोठ्यानं बोल, इथं गलका आहे."

"मीठ, मीठ!"

"मीठ वाढलं रे, ते पहिलंच वाढतात," अजिंक्य म्हणाला. "आमटीपण फिरली. काका कसे आहेत? तू घाई नको करू. मोठ्यांना अजून वेळ आहे, पहिली पंगत पोरांची बसवलीय."