मधलं सर्टिफिकेट

सकाळपासून नवरा फोनवर ऑफिसातल्या नव्या मुलीला एकच गोष्ट समजावत होता. "अगं, वेबसाइट खरी असल्याचं सर्टिफिकेट आपण पाठवतोय, पण त्यावर ज्याची सही आहे, त्याचं, म्हणजे मधलं, पाठवायला विसरलोय. तुझ्या ब्राउझरने ते आधी कधीतरी पाहून ठेवलंय, म्हणून तुझ्याकडे साइट उघडते. नवा फोन विचारणारच, ह्यांची हमी कोण देतंय? ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे, तिथपर्यंत साखळी जुळली नाही, तर तो दार लावून घेतो. त्याचं काही चुकत नाही."

तेवढ्यात बेल वाजली. दारात पिशवी घेऊन सासरे उभे. आमच्या लग्नापासून बापलेकांत बोलणं नव्हतं. मी त्यांना फोटोवरून ओळखलं.

"ये बाळा, मी तुझा आजोबा," ते आमच्या चार वर्षांच्या लेकीला म्हणाले.

ती माझ्यामागे लपली. "आई, हे खोटं बोलतायत. बाबाला बाबा नाहीयेत."

सासऱ्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. नवरा काही ऐकलंच नाही असा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेला.

"अहो," मी म्हटलं, "पोरीचं काही चुकत नाही. मधलं सर्टिफिकेट गेलेलंच नाहीये."

त्याने फोन ठेवला. जरा वेळाने उठला, लेकीला कडेवर घेऊन दारापर्यंत आला.

"माझे बाबा आहेत," तो म्हणाला.

लेकीने आधी त्याचा चेहरा नीट निरखून पाहिला. मग आजोबांकडे हात पसरले.