पवनेकाठचा टिलवा

पवनेकाठच्या चिखलात टिलवे चरत होते. चिमणीएवढी ही पाखरं दर हिवाळ्यात सैबेरियातून थेरगावला यायची, उन्हाळ्यात परत जायची. शेखरला तिथं भराव घालून पार्किंग करायचं होतं. राडारोड्याच्या डंपरपुढं त्याची थोरली बहीण जयमाला उभी राहिली. "आठवडाभर थांब. लांब उडायचंय त्यांना, पोट भरून घेऊ दे." "उडायचंय ना? आत्ता उडवतो," म्हणत शेखरनं दगड भिरकावला. थवा उडाला, एक टिलवा पंख मोडून पडला. जयमालानं हातातली दुर्बीण भावाच्या तोंडावर हाणली. त्याची भुवई फुटली, शर्ट रक्तानं माखला. ती पुन्हा हात उगारणार, तोच टिलवा उठला. लोंबता पंख ओढत तो चिखलात चोच खुपसून घाईघाईनं किडे खाऊ लागला. शेखर बघतच राहिला. "उडंल का गं, ताई?" "न्हाई." "मग खातोय कशाला?" "त्याला अजून ठाऊक न्हाई."