लाल टाका

"कंबर किती म्हणाली?" आईने ओठांत टाचण्या धरूनच विचारलं.

थोरलीने मोबाइलकडे पाहिलं. "साडेसव्वीस."

"मोठ्याने बोल."

"साडेसव्वीस!"

"गेल्या वेळी सव्वासत्तावीस होती." आईने शिवणाच्या स्टँडच्या कमरेवरची कापसाची एक पट्टी सोडवली आणि पुन्हा टेप लावून पाहिला. "धड जेवत नाहीये ती. लिही तिला, रात्री दूध पीत जा म्हणावं."

"लिहिते."

"तूही पी. तापवलंच आहे."

या स्टँडला घरात सगळे बिनडोकी म्हणत. हात नाहीत, डोकं नाही, मानेच्या जागी आखूड खुंट आणि त्यावर लाकडी झाकण. आईने तीस वर्षं शिवणवर्ग चालवला. पहिल्या दिवशी ती प्रत्येक मुलीला एकच गोष्ट सांगायची. "ही बिनडोकी आहे, गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाइकाला डोकं असतं. ते कुठून जाणार हे आधी ठरवा, मग कापडाला हात लावा." मग नमुन्याच्या मांजरपाटावर लाल दोऱ्याचा एक टाका घालून जागा दाखवायची. इथे चेन, इथे हुक. एका मुलीने सुरेख चुण्या घातल्या आणि टाका विसरली, तेव्हा आई तिला एवढंच म्हणाली होती, "घाल बघू आता अंगात." वर्ग आठवडाभर हसत होता.

आता वर्ग बंद होता. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, छातीवर ताण नको, मनावर तर नकोच नको.

धाकटी दीड वर्षापूर्वी गेली. परगावी, रस्ता ओलांडताना. आईच्या ऑपरेशनला तेव्हा तीन दिवस झाले होते. थोरली एकटीच गेली, सगळं उरकून परतली आणि आईच्या खाटेशी बसून म्हणाली, "धाकटीला कंपनीने घाईघाईने परदेशात पाठवलं." आईने तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि डोळे मिटले.

आधी वाटलं, महिनाभराने सांगू. मग टाके सुकल्यावर. मग सांगणं राहूनच गेलं. आईला फोनवर ऐकू येत नसे, तेवढी सोय होती. धाकटीचे संदेश थोरली स्वतःच लिही आणि स्वतःच वाचून दाखवी. मापं मनाने ठोकून दिली तर आई पकडेल, म्हणून ती न्हाणीघरात टेप नेऊन स्वतःचीच मापं घ्यायची. दोघी बहिणींची चण एकच होती.

आईने मांजरपाटाचा तुकडा बिनडोकीच्या खांद्यावर टाकला. आडवा धागा जमिनीशी समांतर आहे ना, ते लांब जाऊन पाहिलं. मग गळ्यापासून चुण्या सोडायला सुरुवात केली. एक चुणी, एक टाचणी. थोरली टाचण्यांची डबी धरून बसली. धाकटी गेल्यापासून घरात तिला बसवत नसे, पण हे काम चाललं की तास निघून जाई.

"डबी सरळ धर. झोपलीस का?"

"नाही गं."

"डोळे बघ तुझे. ऑफिसात पाणी तपासतेस की पाण्यात बसतेस?"

थोरली हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

कापड गळ्याशी नेटकं बसलं होतं आणि तिथून खाली सैल, मोकळं पडत होतं. कमरेला वेगळा पट्टा येणार होता. थोरली मागे जाऊन उभी राहिली. "मागून किती साफ दिसतंय! एक शिवण नाही."

"हं," आई म्हणाली. "साफच हवं."

ड्रेस शिवून झाला की थोरली ऑफिसात असताना आई तो कापडात गुंडाळून, तोंड शिवून पार्सल तयार ठेवी. वर शाईने आकडा घाली. यावर सात होता. थोरली पोस्टात टाकते म्हणून पार्सल घेऊन निघे आणि ऑफिसच्या प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात आधीच्यांवर ठेवून देई. उघडायचं धाडस तिला एकदाही झालं नव्हतं. आठवड्याने ती घरी वाचून दाखवी, "आई, अगदी मापात बसला."

"बसणारच," आई म्हणे.

प्रयोगशाळेतल्या सफाईच्या मावशींची मुलगी सोमवारपासून नोकरीला लागणार होती. अंगात घालायला धड काही नव्हतं. "ताई, तुमच्या कपाटातली ती गाठोडी उंदीर खातील एक दिवस," मावशी म्हणाल्या, आणि थोरलीच्या मनात आलं, कुणाच्या तरी अंगाला लागू दे. तिने सातवं पार्सल न उघडताच त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी ड्रेस घडी करून परत घेऊन आल्या.

"रागावू नका हं, ताई. पोरीचं डोकंच जाईना. दोघींनी ओढून पाहिलं. हा घालायचा कुठून असतो?"

थोरलीने ड्रेस टेबलावर पसरला. गळा जेमतेम बिनडोकीच्या मानेएवढा. मागे शिवण नव्हती. चेन नव्हती, हुक नव्हता, खांद्यावर बटण नव्हतं.

तिने कात्रीने सहावं पार्सल उसवलं. मग पाचवं. मग भराभर बाकीची. सगळ्यात खाली ‘एक’ असा आकडा घातलेलं पार्सल होतं. हॉस्पिटलातून घरी आल्यावर, पहिल्याच आठवड्यात, अजून हात वर उचलवत नसताना आईने शिवलेला तो ड्रेस. निळा, धाकटीच्या आवडीचा.

त्यालाही डोकं जायला वाट ठेवलेली नव्हती.